पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सॅटेलाइट आणि रॉकेटने कसं मोजतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विषयावर तेच तेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. काही उत्तरं लांबलीत कारण तिथे खरंच सांगण्यासारखं आहे, काही दोन ओळीत संपलीत.

मुळात मोजायचं काय असतं?

कुठल्याही जागी चुंबकीय क्षेत्राला दोन गोष्टी असतात, जोर किती आणि दिशा कुठली. जोर नॅनोटेस्लामध्ये मोजतात. जमिनीवर हा आकडा साधारण २२,००० ते ६७,००० नॅनोटेस्लाच्या मधे कुठेतरी असतो, विषुववृत्ताकडे कमी आणि ध्रुवांकडे जास्त. दिशा म्हणाल तर होकायंत्राची सुई फक्त उत्तर-दक्षिण दाखवते पण खरं क्षेत्र जमिनीत घुसतं किंवा जमिनीतून वर येतं, त्यामुळे पूर्ण दिशा सांगायला तीन आकडे लागतात: उत्तरेकडे किती, पूर्वेकडे किती, खाली किती.

आणि खरी मेख इथे आहे की सेन्सर जो आकडा देतो तो सगळ्यांचा मिळून असतो. खोल गाभ्यातलं वितळलेलं लोखंड, वरच्या कवचातले खडक, शंभर किमीवर वाहणारे विजेचे प्रवाह, त्याच्याही बाहेर पृथ्वीभोवती फिरणारे कणांचे प्रवाह, समुद्राचं पाणी, आणि ज्या सॅटेलाइटवर सेन्सर बसवलाय तो सॅटेलाइट स्वतः. एकूण आकडा मिळवणं आता फार अवघड राहिलेलं नाही, त्यातलं कोणाचं किती हे सांगणं अवघड आहे. खालचे जवळजवळ सगळे प्रश्न फिरून याच मुद्द्यावर येतात.

जमिनीवर वेधशाळा आहेत की, मग वर कशाला जायचं?

वेधशाळा हव्यातच, त्यांना पर्याय नाही. एकाच जागी दशकानुदशकं बसून मोजणं हे फक्त त्याच करू शकतात. १८५९ च्या सप्टेंबरमध्ये जे प्रचंड सौरवादळ आलं त्याची नोंद मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत झाली, तिथे आडवं क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने खाली गेलेलं दिसतं आणि जगभरचे अभ्यासक आजही तो कागद काढून बसतात. सॅटेलाइट असा जुना काळ परत आणू शकत नाही.

पण दोन अडचणी आहेत. पहिली म्हणजे चांगल्या वेधशाळा जगभरात शे-दीडशेच आहेत आणि त्यातल्या बऱ्याचशा युरोपात गर्दी करून. समुद्रावर जवळपास काहीच नाही, आणि पृथ्वीचा ७० टक्के भाग समुद्र आहे. दुसरी म्हणजे माणसाचा गोंगाट. कुलाब्याचंच बघा, मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हटल्यावर तिथली मोजणी खराब होणार हे दिसत होतं म्हणून १९०४ मध्ये चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवावी लागली. ध्रुवाजवळून फिरणारा एकच सॅटेलाइट मात्र दीड तासात एक फेरी मारतो, दिवसाला पंधराएक फेऱ्या, खालून पृथ्वी फिरत राहते आणि काही दिवसांत समुद्र, वाळवंट, बर्फ सगळं एकाच सेन्सरने मोजून होतं. "एकाच सेन्सरने" हे महत्त्वाचं आहे कारण वेगवेगळ्या ठिकाणच्या वेगवेगळ्या उपकरणांचे आकडे जुळवत बसावं लागत नाही.

वर गेल्यावर क्षेत्र कमी होत नाही का?

होतं, पण लोकांना वाटतं तितकं नाही. गाभ्यातून येणारं मुख्य क्षेत्र पृथ्वीच्या केंद्रापासूनच्या अंतराच्या घनाने कमी होतं. ४५० किमीवर गेलात तर केंद्रापासूनचं अंतर ६,३७१ वरून ६,८२१ किमी होतं, म्हणजे साधारण १८-१९ टक्के घट. अजूनही हजारो नॅनोटेस्ला शिल्लक असतातच. भूस्थिर कक्षेत, ३५,७८६ किमीवर, मात्र ते शंभरेक नॅनोटेस्लावर येतं.

खडकांचं मात्र वेगळं. एखाद्या लोहखनिजाच्या डोंगराचा प्रभाव काही किमीपुरता असतो आणि ४५० किमीवर तो पार पुसला जातो. शेकडो किमी पसरलेले मोठे खडकसमूह तेवढे वरून दिसतात, आणि तेही दहा-वीस नॅनोटेस्ला एवढेच. मध्य आफ्रिकेतली बांगुई आणि रशियातली कुर्स्क ही त्यातली प्रसिद्ध नावं. म्हणून खडक बघायचे असतील तर सॅटेलाइट जितका खाली तितका चांगला, आणि जितका खाली तितका हवेच्या घर्षणाने लवकर पडणार. बऱ्याच मोहिमांचा सगळ्यात चांगला खडकांचा डेटा त्यांच्या शेवटच्या महिन्यांतला असतो, सॅटेलाइट खाली खाली येत असतानाचा.

सेन्सर आतून कसा चालतो?

सगळ्यात जास्त वापरला जातो तो फ्लक्सगेट. अशा धातूचा छोटा कोअर घ्यायचा जो पटकन चुंबकीय होतो आणि पटकन सोडूनही देतो. त्याच्याभोवती एक कॉइल, त्यातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा करंट सोडायचा, इतका जोरात की कोअर एकदा या बाजूला पूर्ण भरतो, मग त्या बाजूला पूर्ण भरतो. बाहेर काहीच क्षेत्र नसेल तर दोन्ही बाजू अगदी सारख्या. पण बाहेरून जरासंही क्षेत्र आलं तर एका बाजूला कोअर थोडा लवकर भरतो, दुसऱ्या बाजूला थोडा उशिरा, आणि हा असमतोल दुसऱ्या कॉइलमध्ये दुप्पट फ्रिक्वेन्सीच्या सिग्नलच्या रूपात उमटतो. मग इलेक्ट्रॉनिक्स उलटा करंट सोडून तो सिग्नल शून्यावर आणतं आणि शून्यावर आणायला किती करंट लागला यावरून क्षेत्र कळतं. असे तीन कोअर एकमेकांना काटकोनात लावले की तिन्ही दिशा झाल्या.

हे तंत्र १९३० च्या दशकातलं आहे, दुसऱ्या महायुद्धात विमानातून पाणबुड्या शोधायला वापरलं गेलं आणि आजही त्याच्याइतकं हलकं, कमी वीज खाणारं आणि भरवशाचं दुसरं काही सहज मिळत नाही.

मग एकाच सॅटेलाइटवर दोन वेगवेगळे मॅग्नेटोमीटर (क्षेत्र मोजणारे सेन्सर) का लावतात?

कारण फ्लक्सगेट दिशा सांगतो पण हळूहळू सरकतो. तापमान बदललं, महिने गेले, की त्याचा शून्य थोडा हलतो, त्याची पट्टी थोडी लांब-आखूड होते, तीन अक्षांमधला काटकोन कणभर बिघडतो. वर जाऊन दुरुस्त कोण करणार?

म्हणून सोबत दुसरा सेन्सर असतो जो फक्त जोर मोजतो पण अणूच्या भरवशावर. प्रोटॉन मॅग्नेटोमीटरमध्ये पाण्यासारख्या द्रवातले प्रोटॉन क्षेत्राभोवती घुमतात आणि घुमण्याची फ्रिक्वेन्सी क्षेत्राच्या जोरावर ठरते, ५०,००० नॅनोटेस्लाला सुमारे २,१२९ हर्ट्झ. हेलियम वापरला तर हीच गोष्ट इलेक्ट्रॉनवर होते आणि फ्रिक्वेन्सी १४ लाख हर्ट्झच्या आसपास जाते, म्हणजे एका नॅनोटेस्लाला २८ हर्ट्झ. फ्रिक्वेन्सी मोजणं हे आपल्याला उत्तम जमतं आणि हे गुणोत्तर निसर्गाने ठरवलेलं, तापमानाने किंवा वयाने बदलत नाही.

आता फ्लक्सगेटच्या तीन आकड्यांचे वर्ग करून बेरीज करा आणि वर्गमूळ काढा, ते अणूवाल्या सेन्सरच्या आकड्याशी जुळलं पाहिजे. नाही जुळलं तर फ्लक्सगेटचे नऊ आकडे (तीन शून्य, तीन पट्ट्या, तीन कोन) असे बदला की जुळेल. हे रोज, लाखो नोंदींवर करत राहतात. म्हणजे कॅलिब्रेशन कक्षेत उडता उडता चालू असतं.

सॅटेलाइटला तो लांब दांडा कशाला असतो?

त्याला बूम म्हणतात आणि तो सॅटेलाइटपासून सेन्सर लांब ठेवायला असतो. बॅटरीतला करंट, सोलर पॅनेलच्या वायरी, कक्षेत वळायला वापरलेल्या कॉइल, स्टीलचा एखादा स्क्रू, सगळं क्षेत्र तयार करतं. चांगली गोष्ट अशी की तेही अंतराच्या घनाने कमी होतं, अंतर दुप्पट केलं की आठवा हिस्सा. सॅटेलाइटचं चुंबकत्व १ अँपिअर-चौरस मीटर धरलं तर एक मीटरवर ते जास्तीत जास्त २०० नॅनोटेस्लाची गडबड करेल आणि चार मीटरवर फक्त तीनेक. चुंबकीय क्षेत्र मोजायला सोडलेल्या सॅटेलाइटपैकी (त्यांची ओळख पुढे येते) मॅगसॅटचा बूम ६ मीटर होता, ओर्स्टेडचा ८ मीटर, चँप आणि स्वार्मचा ४ मीटर.

बूम लावला म्हणजे काम झालं असं नाही. सोलर पॅनेलच्या मागच्या वायरी जाणूनबुजून अशा फिरवतात की जाणारा आणि येणारा करंट एकमेकांचं क्षेत्र मारतील, स्क्रू टायटॅनियमचे घेतात, आणि उडवण्याआधी आख्खा सॅटेलाइट मोठमोठ्या कॉइलच्या खोलीत ठेवून त्याचं स्वतःचं क्षेत्र मोजतात. इतकं करूनही स्वार्म वर गेल्यावर दोन मॅग्नेटोमीटरच्या आकड्यांत फरक दिसला, आणि तो फरक सूर्य सॅटेलाइटच्या कुठल्या बाजूला आहे त्यावर बदलत होता! ऊन पडलेल्या आणि सावलीतल्या भागांच्या तापमानातल्या फरकामुळे सेन्सरजवळच्या उष्णतारोधक आवरणात बारीक करंट वाहत होते, असा निष्कर्ष निघाला. ती गडबड आता गणिताने काढून टाकतात, आणि ती सापडली तीच मुळी दोन सेन्सर होते म्हणून. एकच असता तर ती सरळ पृथ्वीच्या खात्यावर गेली असती.

सॅटेलाइट सतत हलतोय, मग दिशा कशी कळते?

माझ्या मते सगळ्या विषयातला सगळ्यात सुंदर प्रश्न हाच आहे आणि तो फार कमी लोक विचारतात.

फ्लक्सगेट सांगतो "माझ्या पहिल्या अक्षावर इतके, दुसऱ्यावर इतके, तिसऱ्यावर इतके". पण ते अक्ष अवकाशात कुठे रोखलेत? ते कळल्याशिवाय उत्तर-पूर्व-खाली हे सांगताच येत नाही. कोनात फक्त एक आर्कसेकंद, म्हणजे एका अंशाचा ३,६०० वा भाग चुकलात, तरी ५०,००० नॅनोटेस्लाच्या क्षेत्रात पाव नॅनोटेस्लाची चूक येते. दहा आर्कसेकंद चुकलात तर अडीच नॅनोटेस्ला, आणि समुद्राच्या भरतीचा आख्खा सिग्नल एक-दोन नॅनोटेस्लाचा असतो. म्हणजे सेन्सर कितीही भारी असू दे, शेवटी अचूकता ठरते ती कोन किती नीट कळतो यावर.

म्हणून तारे बघतात. स्टार ट्रॅकर म्हणजे कॅमेरा, तो आकाशाचा फोटो घेतो, त्यातले तारे आपल्याजवळच्या यादीशी जुळवतो आणि सांगतो मी कुठे बघतोय. पण कॅमेरा सॅटेलाइटच्या अंगावर आणि सेन्सर बूमच्या टोकाला असेल तर मधला बूम उन्हाने वाकतो, अगदी केसभर, पण वाकतो. मॅगसॅटच्या वेळी कॅमेरे जड होते, बूमवर ठेवता येत नव्हते, म्हणून आरसे आणि प्रकाशकिरण वापरून बूम किती वाकलाय ते सतत मोजत होते. ओर्स्टेडपासून कॅमेरा इतका हलका झाला की थेट सेन्सरजवळच ठेवता आला. स्वार्ममध्ये तर बूमवर एक कडक, तापमानाने न वाकणारी चौकट आहे, तिच्या एका टोकाला गोल आकाराचा फ्लक्सगेट आणि दुसऱ्या टोकाला तीन कॅमेरे, तिघांचं तोंड वेगवेगळ्या दिशेला, कारण एकाच्या तोंडावर सूर्य किंवा चंद्र आला तरी बाकीचे चालू राहावेत. हेलियमवाला सेन्सर त्याच्याही पुढे, बूमच्या अगदी शेवटाला. त्याला दिशेशी देणंघेणं नाही, त्यामुळे त्याला कॅमेऱ्याजवळ असण्याची गरज नाही, फक्त सगळ्यांपासून लांब असलं की झालं.

सॅटेलाइट आहेत तर रॉकेट कशाला उडवायचे?

फुगे साधारण ४० किमीपर्यंत जातात, सॅटेलाइट दोनेकशे किमीच्या खाली टिकत नाहीत. मधल्या पट्ट्यात फक्त रॉकेट जातं, आणि नेमके त्याच पट्ट्यात, ९० ते १५० किमीच्या मधे, वातावरणातले मोठे विजेचे प्रवाह वाहतात. चुंबकीय विषुववृत्तावर दिवसा पूर्वेकडे वाहणारा एक अरुंद जोरदार प्रवाह असतो, त्याला इक्वेटोरियल इलेक्ट्रोजेट म्हणतात. जमिनीवर त्याच्यामुळे दुपारी शंभरेक नॅनोटेस्लाची वाढ दिसते. पण जमिनीवरून तो किती उंचीवर आहे हे सांगता येत नाही.

रॉकेटने हे फार सरळ करता येतं. प्रवाहाच्या खाली असताना तो आडवं क्षेत्र वाढवतो, वर गेलात की कमी करतो. म्हणजे रॉकेट वर जाताना ज्या उंचीवर क्षेत्र अपेक्षेपेक्षा झपकन उतरायला लागतं आणि ज्या उंचीवर उतरणं थांबतं, त्या दोन उंचींच्या मधे प्रवाह आहे. मार्च १९४९ मध्ये पेरूच्या किनाऱ्याजवळ एका अमेरिकन जहाजावरून एरोबी रॉकेट सोडून हे पहिल्यांदा दिसलं. भारतात थुंबाला रॉकेट केंद्र काढलं, २१ नोव्हेंबर १९६३ ला पहिलं रॉकेट उडालं, ते तिथेच का, तर चुंबकीय विषुववृत्त तिथून अगदी जवळून जातं. तिथल्या रॉकेटवर नंतर मॅग्नेटोमीटर बसवून हाच प्रवाह मोजला गेला आणि तो १०५ किमीच्या आसपास सगळ्यात जोरात असतो हे पक्कं झालं. उत्तरेकडे नॉर्वेचं आंदोया, स्वीडनचं एसरेंज आणि अलास्काचं पोकर फ्लॅट ही केंद्रं ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्याखाली आहेत, तिथून रॉकेट थेट त्या प्रकाशाच्या प्रवाहांत घुसवतात.

रॉकेटचा अजून एक फायदा, वेळ आपण ठरवतो. सौरवादळ सुरू झालं, ध्रुवीय प्रकाश डोक्यावर आला, सोडा. सॅटेलाइट त्या क्षणी दुसऱ्या टोकाला असू शकतो.

पण रॉकेट तर स्वतःभोवती फिरत असतं?

फिरतं, स्थिर राहावं म्हणून मुद्दाम फिरवतात, सेकंदाला काही फेऱ्या. त्यामुळे आडव्या बसवलेल्या फ्लक्सगेटला पृथ्वीचं क्षेत्र वर-खाली जाणाऱ्या लाटेसारखं दिसतं, लाटेची उंची हजारो नॅनोटेस्ला आणि आपल्याला शोधायचा असतो पन्नासेक नॅनोटेस्लाचा फरक. सुरुवातीच्या काळात म्हणूनच प्रोटॉन मॅग्नेटोमीटर आवडीने वापरायचे, त्याला रॉकेट कसंही फिरलं तरी फरक पडत नाही. पण तो हळू, प्रत्येक मोजणीआधी द्रवाला कॉइलने तयार करावं लागतं, आणि शंभर किमीवर रॉकेट सेकंदाला किलोमीटरभर तरी जातं, म्हणजे आख्खा प्रवाह दहा-पंधरा सेकंदांत पार. बारकावे निसटतात. फ्लक्सगेट सेकंदाला शेकडो नोंदी देतो पण मग फिरणं आणि डोलणं गणिताने काढावं लागतं. दोन्ही नेलेले बरे.

मोटरचं स्टीलचं आवरण हाही ताप असतो, म्हणून सेन्सर नाकाच्या टोकाला किंवा बाहेर उघडणाऱ्या दांड्यावर ठेवतात.

पहिला सॅटेलाइट कुठला?

१५ मे १९५८ ला सोडलेला सोव्हिएत स्पुटनिक ३, त्यावर फ्लक्सगेट होता. टेप रेकॉर्डर बिघडल्यामुळे डेटा मात्र ग्राउंड स्टेशनच्या वरून जाताना मिळाला तेवढाच. पुढच्या वर्षी अमेरिकेचा व्हॅनगार्ड ३ प्रोटॉन मॅग्नेटोमीटर घेऊन गेला. १९६४ मध्ये कॉसमॉस ४९ ने पृथ्वीच्या मोठ्या भागाची पद्धतशीर मोजणी केली, मग १९६५ ते १९७१ अमेरिकेचे ओजीओ मालिकेतले तीन सॅटेलाइट.

हे सगळे नकाशे बनवणारे सॅटेलाइट फक्त जोर मोजत होते आणि तिथे एक गंमतशीर अडचण उघड झाली. जॉर्ज बॅकस यांनी १९७० मध्ये गणिताने दाखवलं की सगळ्या पृथ्वीवर फक्त जोर अचूक मोजलात तरी क्षेत्र एकमेव ठरत नाही, दोन वेगवेगळी क्षेत्रं सगळीकडे अगदी सारखाच जोर देऊ शकतात. प्रत्यक्षातही चुंबकीय विषुववृत्ताजवळ अशा नकाशांमध्ये मोठ्या चुका निघाल्या. म्हणून दिशा मोजणं भागच होतं, आणि ते अचूकपणे केलं मॅगसॅटने, ३० ऑक्टोबर १९७९ ते ११ जून १९८०, जेमतेम साडेसात महिने.

त्यानंतर जवळजवळ वीस वर्षं त्या तोडीचं काहीच नव्हतं. ही पोकळी मला आजही खटकते, कारण गाभ्यात त्या काळात काय झालं ते सॅटेलाइटच्या नजरेतून कधीच कळणार नाही. २३ फेब्रुवारी १९९९ ला डेन्मार्कचा ओर्स्टेड गेला, अवघा ६० किलोच्या आसपासचा, ठरलं होतं वर्षभरापुरतं आणि चालला दहा वर्षांहून जास्त. जर्मनीचा चँप जुलै २००० ते सप्टेंबर २०१०.

स्वार्म म्हणजे काय आणि तीन सॅटेलाइट का?

युरोपियन स्पेस एजन्सीची मोहीम, २२ नोव्हेंबर २०१३ ला रशियातल्या प्लेसेत्स्कहून एकाच रॉकेटने तिन्ही गेले. दोन जण, ए आणि सी, साधारण ४६० किमीवर शेजारी शेजारी उडायला लागले, विषुववृत्तावर त्यांच्यात दीडेकशे किमी अंतर. बी त्यांच्या वर, ५०० किमीच्या पुढे.

तीन असण्याचं कारण असं. सॅटेलाइट सेकंदाला साडेसात किमी पळतो. आकडा बदलला तर जागा बदलली म्हणून बदलला की त्या जागेवरचं क्षेत्रच त्या वेळात बदललं, हे एकट्या सॅटेलाइटला कळत नाही. धावत्या गाडीतून बघताना ढग सरकला की आपण सरकलो हे जसं एका नजरेत कळत नाही तसंच. दोघे शेजारी असले की त्यांच्या आकड्यांतला फरक हा जागेमुळेच, कारण वेळ एकच. त्या फरकावरून दोघांच्या मधून वर-खाली किती करंट वाहतोय हेसुद्धा काढता येतं. आणि बी वेगळ्या उंचीवर, हळूहळू वेगळ्या स्थानिक वेळेला सरकत जातो, म्हणजे हे सकाळ-संध्याकाळ बघत असताना तो दुपार-मध्यरात्र बघतो.

सी चा हेलियम सेन्सर नोव्हेंबर २०१४ मध्ये बंद पडला, त्याचा जोडीदार सेन्सर त्याआधीच गेला होता. पण ए अगदी शेजारून उडतोय, म्हणून ए चा जोर सी च्या जागेवर आणून सी चा फ्लक्सगेट कॅलिब्रेट करतात.

एका आकड्यातून गाभा, खडक आणि आकाशातले प्रवाह वेगळे कसे काढतात?

आधी निवड करतात. फक्त रात्रीच्या बाजूच्या नोंदी घ्यायच्या कारण दिवसा आयनोस्फिअरमधले, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातले, प्रवाह जोरात असतात. फक्त शांत दिवसांच्या घ्यायच्या, जगभरची चुंबकीय खळबळ सांगणारा, दर तीन तासांनी निघणारा केपी निर्देशांक कमी असेल तेव्हाच्या. लाखो नोंदी इथेच बाजूला पडतात.

मग जर्मन गणितज्ञ गाउस यांचं १८३० च्या दशकातलं गणित. सगळ्या गोलावरचं क्षेत्र मोठ्या-लहान आकारांच्या बेरजेत मांडायचं आणि त्याच गणितातून आतून येणारं क्षेत्र व बाहेरून येणारं क्षेत्र वेगळं पडतं. दोनशे वर्षांपूर्वी केलेलं हे काम आजच्या सॅटेलाइटला जसंच्या तसं चालतं, यापुढे मी तरी हात जोडतो. मोठे आकार, साधारण ३,००० किमीपेक्षा लांब, हे गाभ्याचे. त्याहून बारीक ते खडकांचे. आयजीआरएफ नावाचं जे आंतरराष्ट्रीय मॉडेल दर पाच वर्षांनी निघतं त्यात गाभ्याचं आख्खं क्षेत्र १९५ आकड्यांत मांडलेलं असतं.

एक गोष्ट मात्र या गणितानेही सुटत नाही. गाभ्यातले बारीक तपशील आणि खडकांचे मोठे तपशील एकमेकांवर चढलेले आहेत आणि दोन्ही आतूनच येतात, तिथे खडक हलत नाहीत आणि गाभा बदलत राहतो एवढाच धागा हाती राहतो. म्हणून वर्षानुवर्षं न थांबता मोजणं इतकं गरजेचं आहे.

आयनोस्फिअर तर अजून त्रासदायक. जमिनीवरून बघितलं तर ते बाहेर, सॅटेलाइटवरून बघितलं तर खाली म्हणजे आत. इथे वेधशाळा आणि सॅटेलाइट दोघांचा डेटा एकत्र घेतला तरच नीट उत्तर मिळतं.

समुद्राची भरती खरंच दिसते का?

दिसते. खारं पाणी वीज वाहून नेतं, ते पृथ्वीच्या क्षेत्रातून हललं की त्यात करंट तयार होतो आणि त्या करंटचं स्वतःचं क्षेत्र. चंद्रामुळे बारा तास पंचवीस मिनिटांनी येणाऱ्या भरतीचा सिग्नल चँपच्या डेटात सापडला आणि स्वार्मने तो अजून साफ दाखवला. चारशे किमीवर, हजारो नॅनोटेस्लामधले एक-दोन. ठरलेल्या लयीत येतो म्हणूनच सापडतो.

दक्षिण अटलांटिक ॲनोमली म्हणजे काय?

दक्षिण अमेरिका आणि दक्षिण अटलांटिकच्या वर क्षेत्र बरंच कमजोर आहे. १९७० ते २०२० मध्ये तिथला सगळ्यात कमी आकडा सुमारे २४,००० वरून २२,००० नॅनोटेस्लावर आला, आणि आता कमजोर भागाला आफ्रिकेच्या नैऋत्येला दुसरं टोक फुटलेलं दिसतंय. तिथे विद्युतभारित कण जास्त खाली उतरतात, सॅटेलाइटच्या मेमरीत चुका होतात, हबल दुर्बीण तिथून जाताना निरीक्षण थांबवते. खाली राहणाऱ्या माणसांना काही होत नाही, वातावरण पुरेसं जाड आहे.

मग ध्रुव उलटणार का?

कधीतरी उलटतीलच, याआधी अनेकदा उलटलेत, शेवटचं साधारण ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी. पण गेल्या दोनशे वर्षांत एकूण जोर ९ टक्के कमी झाला म्हणून आता लगेच उलटणार असं म्हणायला आधार नाही, असे चढउतार उलटापालट न होताही झालेले आहेत आणि उलटणं ही हजारो वर्षांची प्रक्रिया आहे. व्हिडिओंच्या मथळ्यांवर जाऊ नका.

उत्तर चुंबकीय ध्रुव पळतोय असं ऐकलं?

हे खरं. १८३१ मध्ये जेम्स क्लार्क रॉस कॅनडाच्या उत्तरेला त्या जागी पोचले होते. विसाव्या शतकात बराच काळ तो वर्षाला दहा-पंधरा किमी सरकत होता, मग वेग वाढत वाढत पन्नासच्या वर गेला आणि तो सायबेरियाकडे निघाला, आता वेग थोडा उतरलाय. फोन, जहाजं, विमानं ज्या मॉडेलवर खरी उत्तर दिशा काढतात ते वर्ल्ड मॅग्नेटिक मॉडेल दर पाच वर्षांनी येतं, पण ध्रुवाजवळ चूक इतकी वाढली की फेब्रुवारी २०१९ मध्ये मधेच दुरुस्ती काढावी लागली. पुढची आवृत्ती डिसेंबर २०१९ मध्ये आणि त्यानंतरची डिसेंबर २०२४ मध्ये आली. या मॉडेलमागे आज मुख्यतः स्वार्मचा डेटा आहे.

सौरवादळाच्या वेळी काय दिसतं?

पृथ्वीभोवती कणांचा जो पश्चिमेकडे वाहणारा प्रवाह असतो तो फुगतो आणि विषुववृत्ताजवळचं क्षेत्र खाली ओढतो. मे २०२४ च्या वादळात ही घसरण ४०० नॅनोटेस्लाच्या आसपास होती. ध्रुवांकडे बदल अजून झपाट्याचे, आणि झपाट्याने बदलणारं क्षेत्र जमिनीत आणि विजेच्या लांब तारांत करंट निर्माण करतं. १३ मार्च १९८९ ला कॅनडातल्या क्वेबेकची वीज असंच होऊन नऊ तास गेली होती.

खास सॅटेलाइट नसेल तर साधे चालतील का?

बऱ्यापैकी. जवळपास प्रत्येक सॅटेलाइटवर दिशा सांभाळायला एक साधा मॅग्नेटोमीटर असतोच. चँप संपल्यावर आणि स्वार्म यायच्या आधी तीन वर्षांची पोकळी होती, ती नंतर क्रायोसॅट २ सारख्या सॅटेलाइटच्या अशा साध्या सेन्सरचा डेटा मागाहून कॅलिब्रेट करून बरीच भरून काढली. तो सॅटेलाइट मुळात बर्फाची जाडी मोजायला गेलेला! फोनसाठी बनवलेल्या इरिडियम सॅटेलाइटच्या सेन्सरवरून ध्रुवांकडचे प्रवाह रोजच्या रोज काढतात, तिथे अचूकता कमी पण सॅटेलाइट साठाहून जास्त, त्यामुळे सगळीकडे एकाच वेळी नजर राहते. पण या सगळ्यांना कॅलिब्रेट करायला एक तरी खरा अचूक संदर्भ वर हवाच.

फोनमधल्या सेन्सरने मी मोजू शकतो का?

मोजा की, ॲप फुकट मिळतात. एकूण जोर तुमच्या भागातल्या मॉडेलच्या आकड्याजवळ येतो का बघा, लोखंडी कपाटापासून लांब जाऊन. काही हजार नॅनोटेस्ला इकडेतिकडे धरून चला. रोजचे बदल किंवा खडक यात शोधू नका, मिळणार नाहीत.

डेटा कुठे मिळतो, आणि सुरुवात कुठून करू?

स्वार्मचा डेटा युरोपियन स्पेस एजन्सी सगळ्यांना फुकट देते, आणि व्हायरेस नावाचं त्यांचं टूल ब्राउझरमध्ये उघडून थेट नकाशे काढता येतात. पायथॉन येत असेल तर अजून सोपं. सुरुवातीला एक शांत दिवस निवडा, स्वार्म ए ची सेकंदाला एक नोंद असलेली फाइल घ्या, त्यातून मॉडेलचा आकडा वजा करा आणि उरलेलं अक्षांशासमोर मांडा. मधल्या अक्षांशांत रेषा बऱ्यापैकी सपाट दिसेल, साठ-सत्तर अंशांच्या पुढे ती अचानक खडबडीत होईल, ते ध्रुवीय प्रवाह. मग दिवसा चुंबकीय विषुववृत्त ओलांडणारी एखादी फेरी शोधा, बरोबर त्या जागी क्षेत्राच्या जोराच्या आकड्यात एक अरुंद खड्डा दिसतो. तो इलेक्ट्रोजेट, या वेळी वरून बघितलेला.